बालवाडीत लेकरू 'नुसतं खेळतं' म्हणजे नेमकं काय करतं?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की थोड्याच दिवसात पालकांचं ठरलेलं वाक्य कानावर यायला लागतं, "मॅडम, त्या बालवाडीत नुसतं खेळवायलेत हो, शिकवत काहीच नाहीत, वर्षभर गेलं लेकरू पण वहीत एक ओळ नाही." आणि त्याला जोडूनच पुढचं, की शेजारच्याचं पोरगं ह्याच्याच वयाचं, पण ते इंग्लिश मिडियमला जातंय, त्याला ए टू झेड येतं, हंड्रेडपर्यंत येतं, पोएमचं तर विचारूच नका, पाहुणे आले की खुर्चीवर उभं राहून म्हणून दाखवतंय.

मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. त्यामुळं अंगणवाडीतून आलेली, युकेजी करून आलेली, कुठंच न जाता थेट आलेली, सगळ्या तऱ्हेची लेकरं शेवटी माझ्यापुढं येऊन बसतात. आमच्याकडं दहावी-बारावीच्या लातूर पॅटर्नचं एवढं कौतुक की तो झिरपत झिरपत नर्सरीपर्यंत आलाय, तीन वर्षाच्या लेकराला होमवर्क, चार वर्षाच्याला युनिट टेस्ट. पालकांना दोष देऊन उपयोग नाही, वहीतली ओळ दिसते आणि खेळातलं शिकणं डोळ्याला दिसत नाही, एवढीच त्यांची अडचण आहे. म्हणून ते न दिसणारं जरा उकलून सांगते.

आधी आकड्यांचं घेऊ, सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहे. शंभरपर्यंत म्हणता येणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं. शंभरपर्यंत धडाधड म्हणणाऱ्या लेकरापुढं मूठभर चिंचोके टाका आणि म्हणा, यातले मला सहा दे. कितीतरी लेकरं ओंजळ भरून देतात, काही जण तोंडानं एक दोन तीन म्हणतात पण बोट एकाच चिंचोक्यावर दोनदा पडतं नाहीतर एखादा सुटूनच जातो. काही लेकरं बरोबर मोजतात, चार, पाच, सहा, मग तुम्ही विचारा "किती झाले?" तर ते परत पहिल्यापासून मोजायला लागतं. हे बघितलं की समजायचं, लेकराला अजून हे कळलेलं नाही की शेवटी आलेला 'सहा' हे त्या शेवटच्या चिंचोक्याचं नाव नाही, तो सगळ्यांचा मिळून आकडा आहे. आपल्याला हे इतकं साधं वाटतं की शिकवायचं असतं हेच लक्षात येत नाही. एका वस्तूला एकच आकडा, क्रम बदलायचा नाही, कुठूनही मोजलं तरी उत्तर तेच, आणि शेवटचा आकडा सगळ्यांचा. एवढं डोक्यात बसल्याशिवाय बेरीज शिकवणं म्हणजे जमिनीला वापसा यायच्या आधी पेरणीची तिफन घालण्यासारखं आहे.

आणि हे बसतं कशातून, तर हाताळण्यातून. भातुकलीत पाच जण जेवायला बसलेत, प्रत्येकाला एक भाकरी, म्हणजे पिंपळाचं एकेक पान, वाढता वाढता पानं संपली आणि एक जण उपाशी राहिला की लेकरू आपोआप म्हणतं "अजून एक लागतंय". ही त्याची पहिली वजाबाकी, आणि ती त्यानं स्वतः गरज पडली म्हणून केली. गजग्यात, कवड्यांत, टिक्करबिल्ल्याच्या घरांत दिवसभर हेच चाललेलं असतं.

एक गंमत घरी करून बघा. सात शेंगदाणे एका ओळीत मांडा, त्याखाली बरोबर तेवढेच सात, आणि चार-पाच वर्षाच्या लेकराला विचारा दोन्ही ओळी सारख्या का. हो म्हणंल. मग त्याच्या डोळ्यादेखत खालची ओळ जरा पसरून लांब करा, एक दाणा टाकला नाही का काढला नाही, आणि परत विचारा. बरीच लेकरं म्हणतात, खालच्या ओळीत जास्त झाले. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हे प्रयोग केले आणि दाखवून दिलं की ह्या वयातलं लेकरू डोळ्याला जे मोठं दिसतं त्यालाच जास्त समजतं, साधारण सहा-सात वर्षाच्या सुमारास त्याला कळायला लागतं की पसरल्यानं संख्या बदलत नाही. रागावून, पाठ करून घेऊन हे कळत नाही. मांडायचं, पसरायचं, गोळा करायचं, परत मोजायचं, असं पुष्कळदा झालं की एक दिवस ते लेकरू तुमच्याकडंच असं बघतं की काय येड्यासारखं विचारायलाय.

आता लिहिण्याचं. तीन-साडेतीन वर्षाच्या लेकराच्या हातात पेन्सिल देऊन ओळीत अक्षर काढायला बसवतात, आणि ते मूठ करून पेन्सिल धरतं, दाबून दाबून कागद फाडतं, मग रडतं. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती पक्की हाडं नसतातच, मऊ कूर्चा असते, एक्सरेत दिसत पण नाही. मग हळूहळू एकेक हाड पक्कं व्हायला लागतं, तीन-चार वर्षाच्या लेकराच्या एक्सरेत साधारण तीन-चारच दिसतात, आणि शेवटचं हाड तर आठ ते बारा वर्षांच्या मध्ये कधीतरी उमटतं. लेकराचं हाडांचं वय बघायचं असलं की डॉक्टर हाताचाच एक्सरे काढायला सांगतात ते ह्याच्यामुळं. हाडाच्या जोडीला स्नायूंचं पण आहेच, आणि त्यांचा ताबा वरून खाली येतो, आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी बोटांची टोकं. म्हणून लिंबाच्या फांदीला लटकणं, बादली उचलणं, चेंडू फेकणं ही लिहिण्याचीच सुरुवात आहे, ऐकायला विचित्र वाटलं तरी.

बोटांसाठी आपल्याकडं सामानाची कमी आहे का. तुरीच्या शेंगा सोलणं, भुईमुगाच्या फोडणं, ज्वारीतले खडे वेचणं, सरकीतून कापूस ओढून काढणं, पोळ्याच्या आधी काळ्या मातीचे बैल करणं. बैल करताना बघा कधी, पायाला माती किती घ्यायची, शिंगं चिमटीत कशी ओढायची, वशिंड दाबून कसं बसवायचं, अंगठा आणि पहिली दोन बोटं सारखी कामाला असतात, आणि पेन्सिल धरायला नेमकी हीच तीन बोटं लागतात. माझ्या वर्गात ज्यांच्या हाताला असलं काम लागलेलं असतं ती लेकरं पहिले काही आठवडे मागं वाटतात, मग दिवाळीपर्यंत त्यांचं अक्षर बाकीच्यांच्या बरोबरीला येतं. मूठ करून लिहायची सवय लागलेल्याची पकड सुधारायला मात्र त्याच्यापेक्षा जास्त वेळ जातो. हा माझा अनुभव आहे, संशोधन नाही.

वाचनाची तयारी तर अक्षराच्या आधी कानात होते. 'बादली' म्हणताना बा, द, ली अशा तीन टाळ्या वाजवता येणं, 'माय', 'मका', 'मांजर' हे एकाच आवाजानं सुरू होतात हे ऐकू येणं, 'पाटी'ला जुळणारं 'वाटी' सुचणं. ह्याला अक्षर लागत नाही, पाटी लागत नाही, पण हे ज्याच्या कानाला जमतं त्याला पुढं वाचन सोपं जातं, ही गोष्ट वेगवेगळ्या भाषांमध्ये अभ्यासून पक्की झालेली आहे. मराठीत तर ह्याला जास्तच महत्त्व आहे, कारण आपलं 'क' हे अक्षर बघायला एक असलं तरी त्यात क् आणि अ असे दोन आवाज आहेत, आणि काना-मात्रा-वेलांटी लागली की तो अ जाऊन दुसरा स्वर येतो, ही सगळी बाराखडीची भानगड ज्याचा कान तयार आहे त्याला लवकर उमगते. बडबडगाणी, भेंड्या, गाडीवर मागं बसून उगं यमक जुळवत जाणं, सगळी त्याचीच प्रॅक्टिस आहे. आणि ज्या आज्ज्या झोपताना गोष्ट सांगतात आणि मध्येच थांबून "मग काय झालं असंल?" विचारतात त्या आज्ज्यांना तर मी बालवाडीच्या ट्रेनर म्हणून बोलवायला तयार आहे.

इथं एक आपल्या भागातली अडचण सांगायलाच पाहिजे. मराठवाड्यात सगळ्या लेकरांच्या घरी पुस्तकातली मराठी नसते. बंजारा तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, संभाजीनगर, परभणी, नांदेडात कित्येक घरी उर्दू किंवा दखनी, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उमरगा-निलंग्याच्या सीमेवर कन्नड. आणि ज्यांच्या घरी मराठीच आहे तिथं पण "जाऊ लालाव", "करू लालंय" असं चालतं. असलं लेकरू पहिल्या दिवशी तोंड उघडतं आणि कुणीतरी लगेच "असं नाही बोलायचं, नीट बोल" म्हणतं, मग ते दोन महिने बोलतच नाही. खेळात मात्र बोलावंच लागतं. बाजार बाजार खेळताना भाव करायचा असतो, उधार मागायचं असतं, भांडायचं पण असतं, आणि तिथं कुणी व्याकरण तपासत बसत नाही. घरची भाषा आत येऊ द्यायची, तिच्या हाताला धरून शाळेची भाषा येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पण शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय. अडीच वर्षाच्या लेकराला ज्या भाषेत आपण घरात भांडत पण नाही त्या भाषेत पोएम पाठ करून घेण्यात त्याच्या जिभेचा व्यायाम सोडून फार काही होत नाही, असं माझं मत आहे, राग आला तर येऊ द्या.

पण मला विचाराल तर पहिलीला येणाऱ्या लेकराला अक्षर-अंकांपेक्षा जास्त गरज असते ती स्वतःला आवरायची. पाळीची वाट बघणं, बाईंनी सांगितलेल्या दोन गोष्टी लक्षात ठेवून त्या क्रमानं करणं, हातातलं मनासारखं नाही झालं तर फेकून न देता दुसऱ्या तऱ्हेनं करून बघणं. मेंदूचं हे काम फार सावकाश तयार होतं, कपाळाच्या मागचा भाग त्यात जास्त गुंतलेला असतो आणि तो पूर्ण पिकायला विशी उलटून जाते, त्यामुळं चार वर्षाच्या लेकराला "गप बस म्हटलं की बसत का नाही" विचारण्यात अर्थ नाही. पण त्याला सराव देता येतो. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ सगळ्यांना माहिती आहे, शिवाजी म्हणतो हात वर, हात वर करायचा, पण नुसतं 'हात खाली' म्हटलं तर करायचा नाही. ह्यात कानानं ऐकायचं, नियम डोक्यात धरायचा आणि हात उठत असताना त्याला थांबवायचं, तिन्ही एकदम. संशोधक अशाच एका खेळाची चाचणी घेतात, डोक्याला हात लावा म्हटलं की पायाला लावायचा आणि पायाला म्हटलं की डोक्याला, आणि त्यात ज्यांना चांगलं जमतं त्यांचं पुढं गणित-वाचन पण चांगलं होताना दिसलंय.

नाटकी खेळात तर हे आणखी भारी चालतं. पोरगं दुकानदार झालं की समोर खरे फुटाणे असले तरी खायचे नाहीत, विकायचे, कारण दुकानदार खात नसतो. एरवी हेच पोरगं फुटाण्याचा पुडा दिसला की हात घालणार. रशियाचे मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्यगोत्स्की यांनी हेच बरोबर पकडलं होतं, की खेळात लेकरू स्वतःहून नियम पाळतं, मोठ्यानं सांगून जे करत नाही ते भूमिका घेतल्यावर आनंदानं करतं.

आता दुसरी बाजू. खेळातून शिकणं म्हणजे लेकरं अंगणात सोडून अंगणवाडीच्या ताईनं रजिस्टर भरत बसणं नव्हे. (ते पण होतं, आणि त्यात ताईंचा दोष कमी असतो, त्याच्याकडं येते.) मोकळा खेळ पाहिजेच, पण त्याच्यासोबत असा खेळ पाहिजे ज्याच्यात मोठ्या माणसानं सामान विचार करून मांडलंय आणि मधून एखादा प्रश्न टाकलाय. एक टोपलं पाणी, दोन-तीन वेगळ्या उंचीचे डबे, एक वाटी. लेकरू भरतंय, ओततंय. ताई जवळ बसून म्हणते "ह्या उंच डब्यात किती वाट्या बसतील गं?" लेकरू सांगतं दहा. भरून बघतात, पाचच बसतात. मग त्या पसरट डब्यात? तिथं सात बसल्या की तोंडाचा आ होतो. उत्तर ताईनं सांगितलं नाही, पण प्रश्न तिनं टाकला नसता तर लेकरानं नुसतं पाणी सांडून अंग भिजवलं असतं. (आणि हो, टँकरच्या दिवसात हाच खेळ ज्वारीनं नाहीतर वाळूनं करायचा, पाणीच पाहिजे असं काही नाही.)

नुसतं बालवाडीत नाव घातलं म्हणजे फायदा होतोच असं पण नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ ला पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग सुरू झाला, गरीब घरची १२३ लेकरं, त्यातल्या काहींना बालवाडी मिळाली आणि काहींना नाही. बालवाडीतली लेकरं आज काय करायचं हे स्वतः ठरवायची, ते करायची आणि नंतर काय केलं ते सांगायची. संशोधकांनी त्यांचा चाळीस वर्षाच्या वयापर्यंत पाठपुरावा केला. बुद्ध्यांकातला फायदा काही वर्षात विरून गेला, पण बालवाडी मिळालेल्यांतले जास्त जण शाळा पूर्ण करून बाहेर पडले, जास्त कमावते झाले, आणि पोलिसांच्या तावडीत कमी सापडले. म्हणजे टिकलं ते पाठांतर नव्हतं. उलट त्याच देशातल्या टेनेसी राज्याच्या सरकारी बालवाड्यांचा मोठा अभ्यास आहे, त्याचे २०२२ ला आलेले निकाल धक्का देणारे होते, तिथं बालवाडीला गेलेली लेकरं सहावीत जाईपर्यंत न गेलेल्यांच्या मागं पडलेली होती. कारणांवर वाद आहेत, पण सगळ्यांना एकत्र बसवून शिकवण्याचा आणि गप बसवण्याचा जास्तीचा वेळ हे त्यातलं एक संभाव्य कारण म्हणून पुढं आलं.

कुणी म्हणेल ही सगळी बाहेरची फॅडं. तर तसं नाही. किंडरगार्टन जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेलनं सुरू केलं, माँटेसोरीबाईंची पहिली शाळा १९०७ ला रोमच्या गरीब वस्तीत निघाली, हे खरं आहे, पण आपल्याकडं गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ काढला, आणि १९४५ पासून ताराबाईंनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला आणि पुढं कोसबाडला आदिवासी पाड्यांवर काम केलं. लेकरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि महागाच्या साधनांच्या ऐवजी खडे, बिया, पानं, फुलं, माती वापरली. तीच आपली अंगणवाडी, जी १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेली. आता २०२० च्या धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून एक, आणि २०२२ ला आलेल्या त्याच्या आराखड्यात खेळ हाच मधोमध आहे. २०२३ ला 'जादुई पिटारा' म्हणून खेळणी, बाहुल्या, कोडी, कार्डं यांची पेटी पण काढली. कागदावर सगळं आहे हो.

गावात मात्र एकच ताई आणि एक मदतनीस, आणि त्यांच्याच अंगावर लेकरांची वजन-उंची, खिचडी, गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवशी बोलावणं, आणि मोबाईलच्या ॲपात रोजची माहिती. रेंज नसली की ताई मोबाईल घेऊन पाराकडं, लेकरं खोलीत. मग उरलेल्या वेळात गाणं म्हणून घेतात, त्यांना तरी काय बोलणार. आणि बीडकडच्या ऊसतोडीच्या कुटुंबांचं तर वेगळंच, दिवाळीनंतर आईबाप कारखान्याला निघाले की लेकरू पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ते येतं पाडव्याच्या आसपास, म्हणजे बालवाडीचं निम्मं वर्ष गेलं. त्या लेकराला वह्या देऊन काय होणार, पण कोपीपुढं खेळणाऱ्या पोरांत एखादी थोरली बहीण मोजायला लावणारी, गोष्ट सांगणारी असली तरी बराच फरक पडतो, आणि सोबत जायच्या आधी ताईनं आईला चार खेळ दाखवून दिले तर आणखी बरं.

बालवाडी निवडताना भिंतीवरची चित्रं आणि टाय-बूट बघू नका. जरा वेळ दारात उभं राहा आणि ऐका, आवाज कुणाचा जास्त येतोय, बाईंचा का लेकरांचा. सामान लेकरांच्या हाताला लागतंय का कपाटात कुलुपात आहे ते बघा. आणि संध्याकाळी "आज काय शिकवलं" विचारू नका, त्याला ते सांगता येत नाही, "कुणासोबत खेळलास, काय केलात, कोण चिडलं" असं विचारा, मग ऐकत बसावं लागंल एवढं बोलतंय ते.

पहिलीला येताना त्याला चप्पल स्वतः घालता यावी, डब्याचं झाकण उघडता यावं, शू लागली तर न लाजता सांगता यावं, स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव सांगता यावं, आणि आई दिसेनाशी झाली तरी पाच-दहा मिनिटात रडू आवरता यावं. एवढं असलं की मूळाक्षरं माझ्यावर सोडा, तो माझा पगाराचा भाग आहे. सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मात्र घाई करू नका, "हुशार आहे हो, बसवून घ्या" म्हणत दरवर्षी कुणीतरी येतं. आणि युकेजीच्या ट्युशनचं विचारायला कुणी आलं तर मी त्यांना सरळ सांगते, ते पैसे राहू द्या, संध्याकाळचा तो एक तास लेकराला गल्लीत खेळू द्या.